सोनेरी रेतीचे दोन डबे

पुदुकडव, केरळ
१२ जून १९७१

ती. गोपिकाताईस अनंतचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र रुपरावच्या हाती देतो आहे आणि पत्राबरोबर डालडाचे दोन डबे. रुपराव आमच्याच ऑफिसातला, राहणार कामठीचा, महिनाभराच्या सुट्टीवर निघाला आहे. डबा उचलून तो मला म्हणाला, "अनंता, आत देव घालून पाठवून राहिला का गा?" डबा चार किलोचा, पण वजन बारा किलोच्या वर. घाबरू नकोस. आत रेती आहे.

हसलीस ना? लोक बहिणीला साडी पाठवतात आणि हा शहाणा रेती पाठवतो! पण आधी झाकण तर उघड. इथल्या किनाऱ्यावर काळी, तांबडी, पिवळी अशी मिसळलेली वाळू असते. आमच्या कारखान्यात ती लोहचुंबकाच्या यंत्रांवरून सोडून वेगवेगळी करतात. त्यात सगळ्यात मोलाची ही पिवळी. तिच्यातून दुर्मिळ धातूंचे क्षार निघतात. वरातीत डोक्यावर घेतात त्या गॅसबत्तीचं मेंटल, लायटरचा खडा, चष्म्याची काच घासायची पूड, सगळ्यांचं माहेर हेच. ढिगातली अगदी निवडक मी तुझ्या धूळपाट्यांसाठी काढून घेतली.

मला आठवतं, आई गेली त्या वर्षी तू मला मांडीवर घेऊन लाकडी पाटीवर कन्हान नदीची रेती पसरलीस आणि माझं बोट धरून 'श्री' काढलास. तू तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होतीस. आज मी भांडार कारकून आहे, चार लोकांत इंग्रजीत अर्ज लिहितो, ते सगळं त्या एका बोटावर उभं आहे. आता महालातल्या शाळेत बत्तीस पोरांची बोटं तू धरतेस. त्यांना म्हटलं, सोन्यावर अक्षरं गिरवू दे.

एक सांगतो, गवगवा करू नकोस. ह्यातली चिमूटभरही बाहेर न्यायची नाही असा नियम आहे. मौल्यवान वस्तूला असे नियम असायचेच. मास्तरणीसाठी म्हटल्यावर पहारेकऱ्यानं तोंड फिरवलं.

मी मजेत आहे. आम्हाला छातीवर लावायला एक बिल्ला दिला आहे, आत फिल्मचा तुकडा असतो. महिन्याला जुना घेऊन जातात, नवा देतात. मी त्याला हजेरीचा बिल्ला म्हणतो. मार्चमध्ये इथली मुदत संपेल आणि तुझा भाऊ तुझ्या हातच्या वडाभातासाठी हजर होईल.

तुझा
अनंत

---

महाल, नागपूर
५ जुलै १९७१

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

डबे पोचले. रुपरावांनी ते स्टेशनपासून सायकलरिक्षानं आणले आणि उंबऱ्यात ठेवून कमरेला हात लावून बसले. शाळेत आमच्या प्रयागबाईनं झाकण उघडलं. तिला तू पाहिलेलं नाहीस. पोरांना घरून आणायचं, पाणी पाजायचं, त्यांची नाकं पुसायची, सगळं तिच्याकडे. ती ओरडलीच, "अवं बाई, हे रेती होय का सोनं होय वं?"

अनंता, बाळा, तुला काय सांगू! आमची कन्हानची रेती भुरी, तिच्यात शिंपल्याचे तुकडे निघतात. ही कशी बोटाखालून सरकते! अक्षर काढलं की काठ ढासळत नाहीत, जड असल्यामुळे वाऱ्यानं उडतही नाही. आता पोरं घरी जायला मागत नाहीत.

आणि यमुचं सांगायचं आहे. पाच वर्षांची आहे, रुखमाबाईची मुलगी. वर्षभर शाळेत येऊन ती एक शब्द बोलली नाही, की पाटीला बोट लावलं नाही. मी गोडीनं घेतलं, रागावले, शेवटी नाद सोडला होता. ज्या दिवशी तुझी रेती पसरली त्या दिवशी ती आपणहून येऊन बसली. 'ग' काढला. मोडला, पुन्हा काढला. आता सगळ्यांच्या आधी येते आणि सगळ्यांच्या शेवटी उठते. प्रत्येक अक्षराआधी बोट जिभेला लावून ओलं करते आणि मग गिरवते. एवढी एकाग्र, की बघत राहावं.

तुझे उपकार मानू तितके थोडे. लहानपणी तू माझी पाटी फोडली होतीस, तो हिशेब आज चुकता झाला असं समज.

नियमाचं लक्षात ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तो बिल्ला कशाचा ते एकदा विचार रे. सरकार फुकटची गोष्ट छातीवर लावत नाही.

गोपिकाताई

---

पुदुकडव
८ ऑक्टोबर १९७१

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तीन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागाव. काम फार होतं.

इथली हकीकत सांगतो. आमच्याकडे भार्गवी नावाची एक बाई वाळूच्या टोपल्या वाहते. अशा नव्वदेक बायका आहेत, सगळ्या अनवाणी. मला आता मल्याळम थोडं समजतं. परवा तिनं मला समुद्रकाठी नेलं आणि लाटांमध्ये बोट दाखवून सांगितलं, "ती माझी विहीर." मला पाणीच दिसलं. मग लाट मागं गेली आणि विहिरीच्या कठड्याचे चार दगड दिसले. किनाऱ्याची वाळू उपसली की समुद्र पुढे येतो. सहा वर्षांत तो तिचं अंगण, विहीर आणि सात माड घेऊन गेला. आठवा माड काठावर वाकून उभा आहे.

कारखान्याच्या मागच्या अंगाला ती पिवळी वाळू कॉस्टिक सोड्यात शिजवतात. हवं ते काढून घेतात, उरलेला गाळ पिंपांत भरून शेडमध्ये ठेवतात. पिंपं गंजतात. धुण्याचं पाणी खाडीत जातं, तिथं खाडी दुधासारखी पांढरी दिसते. कोळी आता तिथं जाळं टाकत नाहीत. माझ्या वहीत आत आलेल्या पोत्यांना रकाना आहे, बाहेर गेलेल्या डब्यांना आहे. गाळाला नाही. मी भांडाराच्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, तो माल नव्हे.

भार्गवीची धाकटी मुलगी पण मुळाक्षरं शिकते आहे. इथेही मुलं जमिनीवर वाळू पसरून बोटानंच गिरवतात. बघून तुझी आठवण आली.

सहज विचारतो, तुझी पोरं रेती तोंडात वगैरे घालत नाहीत ना? आता पावसाळा संपला, तर पुन्हा कन्हानची रेती वापरायला काय हरकत आहे? ही जपून ठेव.

अनंत

---

महाल, नागपूर
२४ ऑक्टोबर १९७१

चि. अनंतास आशीर्वाद.

दिवाळीला तुझी वाट पाहिली. तू नाहीस, पत्रही कसलं तर विहिरीचं! त्या भार्गवीचं वाचून जिवाला लागलं. ज्या वाळूनं माझी पोरं हसतात तिच्यापायी तिचं अंगण गेलं, हे मला नुसतं उपकार मानताना दिसलंच नव्हतं. तिला माझा नमस्कार सांग.

आणि तुझा प्रश्न वाचून मी आणि प्रयागबाई पोट धरून हसलो. बालवर्गातली पोरं आणि तोंडात घालत नाहीत? तू चुलीचं पोतेरं चाटायचास! यमुचं तर मी लिहिलंच होतं. आता ती बोलते. परवा मला म्हणाली, "बाई, माह्या नावातला 'य' दाखवा." मी पदरानं डोळे पुसले.

जपून ठेव म्हणतोस, पण सोनं पेटीत ठेवून कुणाचं भलं झालंय? प्रयागबाईनं मूठभर तिच्या तुळशीभोवती घातली. इतवारीच्या शाळेतल्या शोभाताई एकदा बघून गेल्या, तेव्हापासून मागे लागल्या आहेत. दुसरा डबा अजून भरलेला आहे. तो सोमवारी, एक तारखेला, त्यांना देते. तुझं नाव सांगणार नाही.

गोपिकाताई

---

तार
पुदुकडव, ३० ऑक्टोबर १९७१

रेती वापरणे बंद करा. कोणास देऊ नका. मुलांचे हात धुवा. पत्र मागून. अनंत.

---

पुदुकडव
३० ऑक्टोबर १९७१

ताई,

तार वेळेवर मिळाली असेल अशी आशा आहे. आता सगळं सांगतो. मधेच पत्र फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुला पाठवलेल्या रेतीतली थोडी मी बाटलीत भरून माझ्या खिडकीत ठेवली होती, शोभेला. ओणमच्या सुट्टीत आम्ही दहा दिवस फिरायला गेलो, तेव्हा बिल्ला काढून त्या बाटलीला टेकवून ठेवला. तो महिना संपल्यावर प्रयोगशाळेच्या साहेबांनी मला बोलावलं. माझी फिल्म काळी पडली होती. ते म्हणाले, "तुम्ही तर टेबलावर काम करता, एवढे किरण कुठे खाल्लेत?"

म्हणजे बिल्ला हजेरीचा नव्हता. ह्या वाळूत थोरियम असतं. त्यातून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात आणि ते त्या फिल्मवर उमटतात. किनाऱ्यावरच्या मिसळलेल्या वाळूत ते कमी. यंत्रावरून वेगळ्या केलेल्या पिवळ्या वाळूत सगळ्यात जास्त. आणि मी तुझ्यासाठी अगदी निवडक काढली होती.

आता खरी गोष्ट. हे मला सप्टेंबरच्या अखेरीस कळलं. मी साहेबांना सांगितलं की बिल्ला चुकून शेडमध्ये राहिला होता. रेती बाहेर पाठवली हे कबूल केलं असतं तर मार्चची नागपूरची बदली गेली असती, कदाचित नोकरीही. म्हणून मी तुला 'सहज विचारतो' असं लिहिलं. वाटलं, तू हो म्हणशील आणि रेती आपोआप बंद होईल. तुझं जुलैचं पत्र माझ्या खिशात होतं. यमु बोट जिभेला लावते हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. मी ते रोज वाचत होतो आणि तरी महिनाभर गप्प राहिलो.

आज सकाळी तुझं चोवीस तारखेचं पत्र आलं. यमुनं 'य' मागितला ते वाचलं आणि तसाच तारऑफिसात धावलो. तिथून साहेबांकडे जाऊन सगळं लेखी दिलं. अपाय किती, असं विचारलं. ते खरं बोलणारे आहेत. म्हणाले, "चार महिन्यांत फार होणार नाही असं वाटतं. पण आमची मापं मोठ्या माणसांची आहेत. मुलांनी हे गिळलं तर काय, ते मला माहीत नाही."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तुझ्या तोंडाकडे बघायची माझी लायकी नाही.

अनंत

---

महाल, नागपूर
९ नोव्हेंबर १९७१

अनंत,

तार एकतीस तारखेला संध्याकाळी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाताई येणार होत्या. एक दिवस उशीर झाला असता, तर आणखी चाळीस पोरं.

मी संतापले आहे. तुझ्या अजाणपणावर नाही. तुला काय माहीत, मला काय माहीत. पण त्या एका महिन्यात यमुनं किती वेळा बोट चाटलं ते मी मोजू शकत नाही आणि तूही नाही. मी तुला अक्षरं शिकवली ती लपवायला नव्हे.

आता ऐक. पाट्या पाण्यानं धुतल्या, ते पाणीही बादलीत साठवून ठेवलं आहे. प्रयागबाईच्या तुळशीखालची माती खरवडून घेतली. तिनं तुळशीची क्षमा मागितली. सगळं दोन डब्यांत आणि एका बादलीत शाळेच्या मागच्या खोलीत कुलूप लावून ठेवलंय. पुढे काय करायचं ते कळेना. प्रयागबाई म्हणाली, "नाग नदीत टाकून देऊ ना. कोण पाहून राहिलं?" मी म्हटलं, नदीच्या काठी पालक आणि कोथिंबीर लावतात. "मंग विहिरीत?" विहिरीचं पाणी आपणच पितो. "मंग गड्डा करून पुरू." तिथं उद्या कुणी पाया खोदेल. गल्लीतला एक गवंडी फुकट न्यायला तयार होता, तर त्यानं ती कुणाच्या भिंतीत घातली असती. एवढ्या मोठ्या नागपुरात मला दोन डबे रेती ठेवायला जागा सापडली नाही, अनंता. तुमची ती गंजलेली पिंपं कुठे जाणार आहेत?

बत्तीस घरी मी स्वतः गेले. डॉक्टरांना सगळी पोरं दाखवली. ते म्हणाले, आज तरी सगळी ठणठणीत आहेत. पुढचं मला सांगता येत नाही, दर सहा महिन्यांनी आणत जा. शेवटी रुखमाबाईच्या दारी गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमी नसतं सांगतलं त मले काय समजणार होतं? सांगाले आल्या, हेच बहुत झालं." आणि तिनं मला चहा दिला. मी तो पूर्ण प्यायले.

तू ये आणि हे घेऊन जा. बदली गेली तर जाऊ दे.

गोपिका

---

पुदुकडव
२८ नोव्हेंबर १९७१

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

नागपूरहून रेती घेऊन सुखरूप पोचलो. साहेबांनी दिलेली ती जाड लोखंडी पेटी मी गार्डच्या डब्यात ठेवली होती. मद्रासला गाडी बदलताना हमाल म्हणाला, दगड भरलेत का? मी म्हटलं, तसंच काहीतरी.

नागपूर स्टेशनवर गाडी हलताना तू खिडकीतून हात घालून माझं बोट धरलंस, तसंच, पूर्वीसारखं. त्या एका गोष्टीच्या जोरावर मी अडतीस तास बसून आलो. ताई, तुझा राग मला लागला नाही असं नाही. पण त्या रागाबद्दल मी तुझा जन्माचा ऋणी आहे. तू गोड बोलली असतीस तर मी पुन्हा कधीतरी असाच गप्प राहिलो असतो.

मला वाटलं होतं, इथे आणल्यावर ह्या रेतीला तिची जागा मिळेल. साहेबांनी पेटी उघडली, वजन केलं आणि डबे ढिगावर रिकामे केले. दुसऱ्या दिवशी भार्गवी आणि तिच्या सोबतिणी तोच ढीग टोपल्यांत भरत होत्या. मी तुझ्या पोरांपासून उचललेली रेती त्यांच्या डोक्यावर गेली. तुझ्या पाट्या धुतलेल्या पाण्याची बादली कुठे ओतली ते मी विचारलं नाही. खाडी समोरच होती.

माझी बदली रद्द झाली आहे. आणखी दोन वर्षं इथेच. वर लेखी ताकीद. पण माझ्या कबुलीजबाबावर वरून चौकशी आली. एका कारकुनाची फिल्म काळी पडते, तर टोपलीवालींचं काय, असा प्रश्न साहेबांनी त्यात लावून धरला. नव्वद जणींपैकी अकरा जणींना बिल्ले मिळाले आहेत. भार्गवी त्यात आहे. बाकीच्यांचं म्हणे पुढच्या वर्षी.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुझ्या पोरांची रेती मी उचलून आणू शकलो. भार्गवीची मुलगी कशावर गिरवते ते मी तुला लिहिलं होतं. तिची कुठे उचलू?

अनंत

---

महाल, नागपूर
१८ जून १९७२

चि. अनंतास अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळा सुरू झाली. पोरांना दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे नेऊन आणलं, सगळी चांगली आहेत. यमु पहिलीत गेली. मला धास्ती होती की सोनेरी रेती गेल्यावर ती पुन्हा गप्प होईल. आठ दिवस झालीही होती. मग मी तिला खरं सांगितलं, की ती रेती चांगली नव्हती आणि मामानं ती परत नेली. तिनं विचार केला आणि म्हणाली, "मामा जवळ गेला त्याले काही झालं नाही ना?" तेव्हापासून तुला ती मामाच म्हणते. कन्हानच्या रेतीवर तिनं आता स्वतःचं नाव गिरवलं. बोट मात्र माठाच्या पाण्यात बुडवते.

रुपराव पुन्हा तिकडे येताहेत. त्यांच्याबरोबर डालडाचे दोन डबे पाठवते आहे, नवे कोरे. आत कन्हानची रेती आहे. मी, प्रयागबाई आणि रुखमाबाई तिघी कामठीला गेलो, पात्रात उतरून वरचा थर बाजूला केला, आतली ओली घेतली, तीन पाण्यांनी धुतली, शाळेच्या गच्चीवर वाळवली आणि चाळली. शिंपल्याचे तुकडे यमुनं वेचले. ही भार्गवीच्या मुलीच्या शाळेसाठी. तुमच्या रेतीसारखी दिसायला नाही. पण बोट चाटलं तरी चालेल.

रुपराव म्हणाले, "ताई, जाताना रेती, येताना रेती! मी माणूस होय का मालगाडी होय?" मी त्यांना डबाभर चिवडा दिला, तेव्हा शांत झाले.

तू त्या महिन्यात गप्प बसलास ते मी विसरलेले नाही. पण शेवटी बोललास, आणि तुझं नागपूर त्यात गेलं. ज्याचं बोट धरलं तो असा निघाला ह्याबद्दल मी देवाचे आभार मानते. हे तोंडावर मला सांगता आलं नसतं, म्हणून लिहून ठेवते.

गोपिकाताई

---

पुदुकडव
१६ जुलै १९७२

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

डबे पोचले. मी आधी ते साहेबांच्या किरण मोजायच्या यंत्राखाली धरले. आमच्या आवारात ते यंत्र सारखं टकटक करत असतं. तुमच्या रेतीवर धरलं तर जवळजवळ गप्प झालं. साहेब म्हणाले, "किती छान, नाही का?"

भार्गवीला वाटलं, मी काहीतरी खाऊ आणला. झाकण उघडल्यावर ती चकित झाली. समुद्रकाठच्या माणसाला वाळूची भेट! मी तिला तुमची सगळी हकीकत सांगितली, तिघींनी नदीत उतरून रेती धुतली ते सांगितलं. ती खूप वेळ ती रेती एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिली. मग तिनं विचारलं, "तुमच्या नदीत अजून आहे का? आमच्या गावात तीनशे मुलं आहेत." तिची मुलगी त्याच दिवशी पाटीवर बसली. तिथल्या मास्तरांनी पहिलं अक्षर काढताना तुझं नाव विचारून घेतलं.

पावसाळ्याच्या पहिल्याच उधाणात तो आठवा माड पडला. त्याआधी भार्गवीनं त्याचे नारळ उतरवून ठेवले होते. त्यातला एक कोंब आलेला नारळ तिनं तुझ्यासाठी दिला आहे. तोही मी यंत्राखाली धरून पाहिला, टकटक वाढली नाही. रुपराव परत येताना आणेल, त्याची बोलणी खायला तयार राहा. हा खायचा नाही, लावायचा आहे. शाळेच्या अंगणात विहिरीजवळ जागा कर.

मी भार्गवीला सांगितलं, की नागपूरचा उन्हाळा फार कडक असतो, तिथे हा जगेल की नाही सांगता येत नाही. ती म्हणाली, "इथे लावायला जमीनच उरली नाही. तुझ्या ताईला सांग, सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं."

तुझा
अनंत